अंडरफ्लोअर हीटिंगवर कोणती फरशी घालावी: इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच घर करायला काढणाऱ्यांसाठी

इंग्लंडमध्ये घर घेऊन दोन-तीन वर्षं झाली की स्वयंपाकघर मागे बागेच्या बाजूला वाढवायचा विषय निघतोच. आर्किटेक्ट नकाशात अंडरफ्लोअर हीटिंग, म्हणजे फरशीखालून खोली तापवायची सोय, दाखवतो, भिंतीवरचे रेडिएटर जाणार म्हणून आपण खूश होतो, आणि मग टाइलच्या दुकानात जाऊन पहिला प्रश्न विचारतो, "यातली कोणती फरशी जास्त गरम राहते?" मीही हाच विचारला होता. विक्रेत्याने अर्थातच सगळ्यांत महाग संगमरवराकडे बोट दाखवलं.

हा प्रश्न विचारू नका. का, ते आधी सांगतो, कारण एवढं कळलं की पुढचे निम्मे निर्णय सोपे होतात.

इथल्या रजईवर 'टॉग' लिहिलेलं असतं, ते तुम्ही पाहिलं असेल. टॉग म्हणजे उष्णता अडवण्याचं माप. फरशीलाही तेच लावता येतं. १० मिलिमीटर जाडीची पोर्सेलीन टाइल साधारण ०.०८ टॉग. २० मिलिमीटरचा ग्रॅनाइट ०.०७ च्या आसपास. तेवढ्याच जाडीचा चुनखडीचा दगड, म्हणजे इथला लाइमस्टोन, ०.१३. आता १५ मिलिमीटरचं ओक लाकूड घ्या: ०.९. कार्पेट आणि त्याखालचं अंडरले मिळून २.५ टॉगच्या वर जाऊ देऊ नका, असं इथे सांगतात. म्हणजे लाकूड आणि कार्पेटच्या तुलनेत सगळ्या टाइल्स आणि सगळे दगड एकाच रांगेत बसतात. पोर्सेलीन आणि संगमरवर यांच्यातला फरक तुमच्या पायाला कळणार नाही, बिलातही दिसणार नाही.

आपल्याला हे खरं तर लहानपणापासून माहीत आहे. मे महिन्याच्या दुपारी शहाबादी फरशीवर उघड्या पाठीने पडायचो, ती गार लागायची. फरशी खोलीपेक्षा थंड होती एवढ्याच कारणाने नव्हे. ती अंगातली उष्णता भराभर ओढून घेत होती म्हणून. जो दगड उष्णता चटकन खाली नेतो, तो ती तितक्याच चटकन वरही आणतो. खाली गरम पाण्याचे पाइप असले की झालं.

तेव्हा फरशी निवडायची ती डाग, घसरण, दगडाची ताकद आणि खालचा थर पाहून.

आधी खाली काय आहे ते बघा

या हीटिंगचे दोन प्रकार आहेत. एक पाण्याचा: साधारण १६ मिलिमीटरचे प्लास्टिकचे पाइप इन्सुलेशनवर टाकतात आणि त्यावर स्क्रीड, म्हणजे जमीन सपाट करणारा सिमेंट-वाळूसारखा थर, ओततात. दुसरा विजेचा: तारांची पातळ जाळी थेट फरशीखाली, चिकटवण्याच्या थरातच. नवीन एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे घराच्या वाढवलेल्या भागात, पाण्याचा प्रकार घ्या. जुन्या घरातल्या तीन-चार चौरस मीटरच्या बाथरूमला विजेचा ठीक आहे. ही जाळी सहसा चौरस मीटरला १५० वॅटची असते. चार चौरस मीटरची ६०० वॅट झाली, म्हणजे तासाला ०.६ युनिट. सकाळी आंघोळीपुरती लावली तर काही वाटत नाही. अख्खं स्वयंपाकघर दिवसभर विजेवर तापवलं तर बिल बघून अंग गरम होईल.

जमीन काँक्रीटची आहे की लाकडी, हेही विचारा. व्हिक्टोरियन काळातल्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या, घरांत खाली लाकडी तुळया आणि त्यावर फळ्या असतात. पाय दिला की त्या किंचित लवतात. फळी लवते, दगड लवत नाही; तो तडकतो. अशा ठिकाणी आधी जमीन मजबूत करून घ्या, वर टाइल-बॅकर बोर्ड, म्हणजे टाइलखालचे कडक तक्ते, घाला, आणि जाड दगडाचा हट्ट सोडा. २० मिलिमीटरचा दगड चौरस मीटरला ५० किलोच्या पुढे जातो. ते वजन तुळयांना पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगायचं. दुकानदाराने किंवा टाइलवाल्याने नाही.

इन्सुलेशनवर पैसे वाचवू नका. दगडात पैसे वाचवलेत तरी चालेल.

किती ऊब मिळणार, याची अपेक्षा नीट ठेवा

नवीन लोकांची हमखास तक्रार: "फरशी गरमच लागत नाही, काहीतरी बिघडलंय." बिघडलेलं काही नसतं. माणूस जिथे वावरतो तिथे फरशीचा पृष्ठभाग २९ अंश सेल्सियसच्या वर नेत नाहीत. बाथरूममध्ये ३३ पर्यंत चालतं. रोजच्या वापरात फरशी २४ ते २७ अंशांवर असते आणि तळपायाची त्वचा साधारण त्याहून गरमच. म्हणून पायाला ती 'गरम' लागत नाही, फक्त 'गार नाही' एवढं जाणवतं. तेच अपेक्षित आहे.

एक हिशेब लक्षात ठेवा. खोली २० अंशांवर आणि फरशी २९ अंशांवर असेल तर एक चौरस मीटर फरशी सुमारे १०० वॅट उष्णता देते. यापेक्षा जास्त मागू नये. काचेचं छप्पर आणि भिंतभर काचेची दारं असलेल्या एक्स्टेन्शनमध्ये कडाक्याच्या थंडीत तेवढी पुरेलच असं नाही, म्हणून उष्णता किती बाहेर जाते त्याचा हिशेब लेखी मागा. आणि हो, कपाटं आणि मधला सुटा ओटा, म्हणजे आयलंड, यांच्याखाली पाइप नसतात. तीस चौरस मीटरच्या स्वयंपाकघरात तापणारी फरशी प्रत्यक्षात बावीस-तेवीसच भरते.

पुढेमागे हीट पंप (बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता घरात आणणारं यंत्र) बसवायचा विचार असेल तर टाइल किंवा दगडच घ्या. पाणी जितकं कमी तापवावं लागेल तितका हीट पंप स्वस्तात चालतो. दगडाखाली ३५ ते ४० अंशांचं पाणी पुरतं, कार्पेटखाली तेच वाढवावं लागतं. इंग्लंडमध्ये जून २०२२ पासून पाण्याचं हीटिंग नव्याने बसवलं किंवा पूर्ण बदललं तर पाण्याचं तापमान ५५ अंशांच्या आतच धरून आखणी करायची, असा दंडक आहे.

आता दगड आणि टाइल

पोर्सेलीन. निर्णय होत नसेल तर डोळे मिटून हेच घ्या. पाणी शोषण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी, त्यामुळे हळद, तेल, कोकम काहीही सांडलं तरी पुसून निघतं. सीलर, म्हणजे डाग मुरू नये म्हणून दगडाला लावायचं द्रव, लावायची कटकट नाही. दगडासारखी दिसणारी पोर्सेलीन आता इतकी चांगली येते की पाहुण्यांना वाकून बघावं लागतं. फक्त एकाच नक्षीच्या किती वेगवेगळ्या टाइल्स खोक्यात आहेत हे विचारा. चारच असतील तर तीच शीर दर चौथ्या टाइलवर दिसेल, आणि एकदा दिसली की रोज दिसेल.

साधी सिरॅमिक टाइल जमिनीसाठी बनवलेली आहे ना, ते तपासा. भिंतीची टाइल दिसायला तशीच असते, पण ठिसूळ असते. स्वस्त मिळाली म्हणून ती जमिनीवर घालू नका.

लाइमस्टोन. इथे घरोघरी आवडीचा. गंमत म्हणजे इंग्लंडच्या दुकानांत आपला कोटाही मिळतो आणि तांदूरचा पिवळाही. आपल्याकडे जिन्याला आणि ओट्याखाली घालतात तोच दगड इथे गोंडस नावाने आणि तिप्पट रुबाबात मांडलेला असतो. भरीव जातीचा घ्या. भुसभुशीत, फिकट लाइमस्टोन स्वयंपाकघरात घेतलात तर फोडणीचं तेल तो प्यायलाच समजा.

संगमरवर. हीटिंगच्या दृष्टीने उत्तम, आपल्या स्वयंपाकाच्या दृष्टीने वाईट. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर, टोमॅटो या सगळ्यांतलं आम्ल त्याला खातं. सीलर लावला की डाग लवकर मुरत नाही, पण आम्लाने उडालेली चकाकी सीलर वाचवू शकत नाही. हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. आणखी एक: ज्या संगमरवरात जाड, गडद शिरा असतात तो त्या शिरांपाशीच कच्चा असतो. म्हणून कारखान्यात पाठीमागे जाळी चिकटवतात. अशी जाळी दिसली तर चिकटवण दगडाला नाही, जाळीला धरणार हे ओळखा, आणि त्यासाठी कोणतं चिकटवण चालेल ते दगडाच्या पुरवठादाराकडून लेखी घ्या.

हिरवा संगमरवर म्हणून जो मिळतो, त्यात राजस्थानचाही आला, तो बहुतेकदा सर्पेंटाइन जातीचा दगड असतो. पाण्यात कालवलेल्या चिकटवणावर बसवला की ओल पिऊन तो वाकतो, कडा वर येतात. त्याला इपॉक्सीसारखं पाणी नसलेलं चिकटवण लागतं. पहिल्याच घरात हा दगड नको.

ट्रॅव्हर्टीन. याला जन्मजातच भोकं असतात. कारखान्यात ती भरून देतात. हीटिंग चालू-बंद होताना आणि टाचेखाली दबताना ते भरण अधूनमधून निघतं. आमच्या ओळखीच्या घरी पहिल्याच हिवाळ्यानंतर दाराजवळ चार-पाच खड्डे पडले आणि त्यांत पोळ्यांच्या पिठाने मुक्काम केला. भरून घेता येतात, पण दर वर्षी हे करायची तयारी हवी.

स्लेट. वेल्समधली स्लेट भरवशाची. ब्लायनाउ फेस्टिनियोगच्या भागात आजही काढतात. रंगीबेरंगी स्वस्त स्लेटचे मात्र पापुद्रे सुटतात. घेताना जाडी एकसारखी कापलेली आहे का बघा. जाडी कमी-जास्त असेल तर टाइलवाला तो फरक चिकटवणाने भरतो, थर कुठे तीन तर कुठे बारा मिलिमीटर होतो, आणि मग सुकतानाही तो सारखा सुकत नाही.

ग्रॅनाइटबद्दल फारसं बोलायला नको. कणखर, डागाला दाद न देणारा, फक्त चकचकीत घेऊ नका. सँडस्टोन अंगणात शोभतो. टेराकोटा देखणा असला तरी पाणी फार पितो. क्वार्ट्झचे कारखान्यात बनवलेले स्लॅब ओट्याला छान, पण त्यात रेझिन असतं आणि ते उष्णतेने दगडापेक्षा जास्त फुगतं. तापत्या जमिनीवर ते घालायचे तर बनवणाऱ्याची परवानगी कागदावर हवी.

नमुना घरी आणा आणि त्याचे हाल करा

ही पायरी कोणी करत नाही. प्रत्येक पसंतीचा एक तुकडा मागून घ्या, दुकानं देतात. त्यावर पाण्याचा थेंब टाका आणि दहा मिनिटांनी बघा: डाग गडद झाला तर दगड पाणी पितो. दुसऱ्या कोपऱ्यात लिंबाचा थेंब, तिसऱ्यात गरम तेलात कालवलेली हळद, चौथ्यात कोकमाचं आगळ. रात्रभर राहू द्या. सकाळी साबणाने धुवा आणि उजेडात तिरकं धरून बघा. पाचवा प्रयोग दिवाळीसाठी: चिमूटभर लाल रांगोळी ओल्या बोटाने घासा. आमच्या यादीतल्या सहा दगडांपैकी दोनच या परीक्षेत पास झाले, आणि त्यातला एक दगड नव्हताच, पोर्सेलीन होती.

घसरणीचंही इथेच बघा. ब्रिटनमध्ये लोलकाच्या चाचणीत (पेंड्युलम टेस्ट) ओल्या फरशीला ३६ किंवा त्याहून जास्त आकडा आला तर घसरण्याचा धोका कमी मानतात. दुकानदाराकडे हा आकडा मागा. बागेतून ओल्या पायांनी आत येणार असाल, घरी आजी-आजोबा सहा महिने राहायला येणार असतील, तर यात तडजोड नको.

स्क्रीड सुकेपर्यंत थांबा

सगळ्यांत जास्त फरश्या इथे बिघडतात, आणि कारण एकच: घाई. सिमेंट-वाळूचं स्क्रीड सुकायला पहिल्या ५० मिलिमीटरपर्यंत मिलिमीटरला एक दिवस लागतो, त्यापुढे मिलिमीटरला दोन. म्हणजे ७५ मिलिमीटरच्या थराला शंभर दिवस. बिल्डर म्हणेल, "तीन आठवड्यांत टाइल लावू." त्याला पुढचं काम गाठायचं असतं. ओलावा मोजायचं हायग्रोमीटर ठेवून ७५ टक्क्यांच्या खाली आकडा आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ओतायचं पातळ स्क्रीड, म्हणजे अ‍ॅनहायड्राइट, हल्ली खूप वापरतात. पाइपांभोवती ते घट्ट बसतं, थर पातळ लागतो, हीटिंगला फार चांगलं. पण ते जिप्समच्या जातीचं आहे. सुकताना वर एक मऊ साय धरते. ती घासून काढायची, मग प्रायमर लावायचा, आणि मगच टाइल. सिमेंटचं चिकटवण जिप्समला थेट लागलं तर दोघांची रासायनिक क्रिया होते आणि काही महिन्यांनी अख्खी टाइल, खालच्या चिकटवणासकट, पापडासारखी उचलून हातात येते. प्रायमर कोणता लावला त्याचा डबा स्वतः बघा.

टाइल लावण्याआधी हीटिंग एकदा पूर्ण चालवून घ्यायचं. ते चालू करण्याआधी सिमेंटच्या स्क्रीडला ओतल्यापासून किमान २१ दिवस द्या, अ‍ॅनहायड्राइटला ७. मग पाणी २५ अंशांवर तीन दिवस ठेवा, त्यानंतर ठरलेल्या कमाल तापमानाला चार दिवस. स्क्रीडला तडे जायचेच असतील तर ते आता जातील, दगड वर बसल्यावर नाही. नंतर हीटिंग बंद करून, जमीन निवल्यावरच टाइलवाल्याला बोलवा.

टाइलवाल्याला काय विचारायचं

चिकटवणाच्या पिशवीवर 'सी२' आणि 'एस१' ही अक्षरं हवीत. पहिलं ताकदीचं, दुसरं लवचीकपणाचं. फिकट दगडाखाली पांढरंच चिकटवण, नाहीतर राखाडी छटा वर दिसते.

टाइलखाली पाच ठिपके ठेवून वर टाइल दाबणारा माणूस दिसला तर काम तिथेच थांबवा. खाली पोकळी राहिली की दोन गोष्टी होतात: हवेमुळे तिथे उष्णता अडते, आणि जड भांडं पडलं की टाइल तिथेच फुटते. दातेरी थापीने पूर्ण थर, आणि मोठ्या टाइलच्या पाठीलाही एक हात. दुसऱ्या दिवशी नाणं घेऊन वाजवत फिरा. पोकळ वाजली की कळतंच.

मग येतो फुगण्याचा प्रश्न. आठ मीटर लांबीची जमीन १५ अंशांनी तापली तर स्क्रीड साधारण १.३ मिलिमीटर वाढतं, वरची पोर्सेलीन ०.८. हा अर्ध्या मिलिमीटरचा फरक कुठेतरी जिरायला हवा. म्हणून स्क्रीड आणि टाइल यांच्यामध्ये डीकपलिंग मेम्ब्रेन, म्हणजे दोघांना वेगवेगळं हलू देणारा पातळ थर, घालतात, भिंतीलगत मोकळी फट सोडून ती स्कर्टिंगखाली झाकतात, आणि जमीन चाळीस चौरस मीटरहून मोठी किंवा एका बाजूने आठ मीटरहून लांब असेल तर मध्ये लवचीक सांधा देतात. दारातही तसाच. हा सांधा दिसायला आवडत नाही म्हणून लोक काढून टाकायला सांगतात. टाइलवाला नको म्हणाला तर तो तुमच्या भल्याचं बोलतोय. कडेला ग्राउट (टाइल्समधल्या फटी भरायचा मसाला) नाही, सिलिकॉन भरायचं. मधल्या फटी भरायला ग्राउटही लवचीक घ्या, आणि टाइल्स एकमेकींना चिकटवून न लावता निदान तीन मिलिमीटरची फट ठेवा.

विजेची जाळी असेल तर इलेक्ट्रिशियनकडून तिचा रेझिस्टन्स तीनदा मोजून घ्या: खोक्यातून काढल्यावर, जमिनीवर पसरल्यावर, टाइल बसल्यावर. तिन्ही आकडे लिहून ठेवा. टाइलवाल्याच्या थापीने तार तुटली तर ती कधी तुटली, हे तेच आकडे सांगतील.

पहिल्यांदा चालू करताना, आणि नंतर

ग्राउट झालं की दोन आठवडे हीटिंगला हात लावू नका. मग रोज पाच अंशांनीच वाढवा. पाहुणे येणार म्हणून एकदम चढवू नका.

पुढे थर्मोस्टॅट सारखा वर-खाली करायची सवय मोडावी लागेल. सत्तर मिलिमीटरचं स्क्रीड आणि त्यावर दगड तापायला दोन-तीन तास घेतात आणि निवायला त्याहून जास्त. बाथ शहरात रोमन स्नानगृहं बघायला गेलात तर जमीन उचलून धरणारे विटांचे छोटे खांब दिसतील. त्यांमधून गरम हवा फिरायची. रोमनांनाही आग सतत पेटती ठेवावी लागायची. आपणही रात्री दोन-तीन अंश खाली आणावं, पूर्ण बंद करू नये.

फरशीवर जाड गालिचा घालू नका. पातळ सतरंजी चालते. खाली विजेची जाळी असेल तर पाहुण्यांच्या गाद्या त्या खोलीत अंथरायच्या नाहीत. आपल्याकडे लग्नकार्याला हॉलभर गाद्या पडतात, आणि गादीखाली उष्णता कोंडून तारा जळू शकतात, फरशी तडकू शकते. झोपायचंच असेल तर त्या रात्री हीटिंग बंद ठेवा. कांदे-बटाट्यांची टोपली आणि तांदळाचा डबा जमिनीवरून उचला, कांद्यांना कोंब आणि तांदळाला पोरकिडे लवकर येतात. इडलीचं पीठ मात्र बिनधास्त फरशीवर ठेवा. जानेवारीतल्या इंग्लंडमध्ये रात्रभरात ते असं फुगून येतं की आमच्याकडे आता ओव्हनचा दिवा लावून ठेवायची पद्धत बंद झाली आहे.

दोन गोष्टी मात्र आधीच करून ठेवा. एकाच बॅचचं एक जास्तीचं खोकं माळ्यावर टाका. पुढच्या वर्षी तीच टाइल मागवली तर छटा बदललेली असते. आणि स्क्रीड ओतण्याआधी पाइपांचे फोटो काढा, प्रत्येक भिंतीपासूनचं अंतर टेपने मोजून, टेप फोटोत दिसेल असे. दार भिंतीवर आपटतं म्हणून कोणी जमिनीत स्टॉपर बसवायला ड्रिल घेऊन आला, तर त्याला आधी हे फोटो दाखवायचे.